शुक्रवारची अर्धी शाळा

सावळखेड, ता. खामगाव
६ फेब्रुवारी १९३८

सईद मास्तर,

मायना काय लिहावा यातच अर्धी दुपार गेली. 'प्रिय' लिहावं तर तुम्ही हसाल, 'तीर्थरूप' लिहावं तर तुम्ही माझ्याहून सहा वर्षांनी लहान. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. नऊ वर्षं एका छपराखाली शिकवलं, तुम्ही आतल्या खोलीत उर्दू आणि मी ओसरीवर मराठी, पण तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. हाक मारली की ओ यायची.

तुम्ही खामगावला तुमचे मेहुणे शकीलमियाँ यांच्या पेंडीच्या दुकानात बसता, असं मोटारवाल्याकडून कळलं. शिकवणाऱ्या माणसानं सरकीची पेंड तोलावी हे मला बघवत नाही. तुम्ही म्हणाल, ही वेळ ज्यानं आणली त्यानंच वर तोंड करून हे लिहावं? तर तेही आहेच.

झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण माझी बाजू एकदा मांडू द्या. शाळेची अर्धी सुट्टी पहिल्यापासून शुक्रवारी. अकराला शाळा सुटायची, तुमची पोरं नमाजाला जायची आणि माझी विहिरीवर डुंबायला. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र शाळा पूर्ण. नोव्हेंबरात शनिवारच्या सभेत प्रश्न निघाला, की अर्धी शाळा शुक्रवारची काढून बाजाराच्या दिवशी करावी काय. पोरांनी हात वर केले. बाजाराकडून अठ्ठावन्न, शुक्रवारकडून तेरा. मी निकाल फळ्यावर लिहिला. यात माझं काय चुकलं?

सभा ही तर तुमचीच कल्पना. गेल्या वर्षी असेंब्लीच्या निवडणुकीच्या पेट्या आपल्या शाळेत ठेवल्या होत्या, तेव्हा पोरांनी विचारलं, की आमच्या बापाला मत का नाही. सारा भरणाऱ्यांना आहे, बाकीच्यांना नाही, एवढंच मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, बाहेर नसेल तर नसो, शाळेत तरी सगळ्यांना असू द्या. मी आपला पाट्या टाकणारा माणूस, पण तुमच्या नादानं मलाही हुरूप आला. खडू कोण आणणार, पाणी कोण भरणार, उशिरा येणाऱ्याला काय शिक्षा, सगळं पोरं ठरवू लागली. मग त्याच सभेचा निकाल आपण पाळायचा नाही, तर कुणी पाळायचा?

सोमवारी तुम्ही तुमची तेरा पोरं उठवलीत आणि मशिदीजवळच्या लिंबाखाली वर्ग भरवलात. मला वाटलं, चार दिवसांचा राग आहे. अकरा आठवडे झाले. मग वरून हुकूम आला, की उर्दूचा वर्ग रिकामा दिसतो, तेव्हा मार्चअखेर जागा बंद. तुम्ही तो वाचलात आणि दुसऱ्या दिवशी गाव सोडून गेलात. माझ्या दारावरून गेलात, पण थांबला नाहीत.

आता मुद्द्याचं लिहितो. बिस्मिल्ला यंदा चौथीच्या परीक्षेला बसायची. तुमच्या वर्गातून ती एकटीच. परीक्षा ४ एप्रिलला आहे. पास झाली तर खामगावला मावशीकडं राहून मुलींच्या उर्दू शाळेत पुढं शिकेल. नाही झाली तर तिच्या चुलत्यानं स्थळ पाहून ठेवलं आहे. पोरगी बारा वर्षांची आहे. माझ्यासाठी येऊ नका, तिच्यासाठी या.

निवृत्ती


सावळखेड
२० फेब्रुवारी

सईद मास्तर,

उत्तर नाही. ठीक आहे. टपालवाला दारावरून जाताना मी मुद्दाम त्याच्याकडं पाहत नाही, पण ते त्याच्याही लक्षात आलं आहे. 'मास्तर, आज बी नाई,' असं तो न विचारता सांगून जातो.

काल सभेत मी तोच प्रश्न पुन्हा घेतला. म्हटलं, पोरं शहाणी आहेत, तुमची जागा जाते हे कळल्यावर मन बदलतील. मी पाऊण तास बोललो. शेजारधर्म सांगितला, तुम्ही पटकीच्या साथीत घरोघर औषध वाटत फिरलात ते सांगितलं. पोरं गुमान ऐकत होती. मग हात वर केले. बाजाराकडून पंचावन्न, शुक्रवारकडून तीन. तुमची तेरा पोरं सभेत नव्हतीच, हे हात मोजून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. ज्यांचा प्रश्न, ते बाहेर आणि आम्ही आत बसून निकाल लावतो आहोत. तुम्ही असता तर तपकिरीची चिमूट घेत माझ्याकडं नुसतं बघितलं असतं.

सध्याचा सभापती कडूबा आहे, तेल्याचा. त्याला मी म्हटलं, अरे, जरा विचार करा. तर म्हणाला, 'गुरुजी, तुमीच तं शिकोलं, ज्यायचे हात जास्त त्यायचं खरं. आता तुमीच काऊन फिरून राह्यले?' मी घंटा वाजवायला सांगितली.

घरी आल्यावर अन्नपूर्णेला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. वर न बघताच म्हणाली, 'शाळंत सभा अन् घरात हुकूम. मले तं लगन झाल्यापासून कोनी हात वर कर म्हनलं नाई.' तिला वाटलं मी हसेन. मला हसू आलं नाही. हल्ली दम्यानं जिना चढवत नाही, तसंच काहीसं मनाचंही झालं आहे.

बिस्मिल्लाच्या आईकडं, हुस्नबानोकडं जाऊन आलो. बाई एकटीनं घर चालवते, गाद्या भरते, पिंजलेल्या कापसानं तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. बिस्मिल्ला उंबऱ्यात बसून पुस्तक वाचत होती. मला पाहून उठली, सलाम केला आणि आत गेली. आधी 'गुरुजी' म्हणून धावत यायची.

हुस्नबानो म्हणाली, 'दीर रोज येते, मास्तर. म्हनते, परीक्षा तं व्हत नाई, मंग पोरगी ठिवता कायले? मी त्याले किती दिवस थोपवू?' मी म्हटलं, परीक्षेचं बघतो. ती हजेरीबद्दलही काहीतरी बोलली. ते पुन्हा कधी तरी लिहीन.

तुम्ही पंधरा दिवसांसाठी जरी आलात तरी पोरगी सुटेल.

निवृत्ती


सावळखेड
६ मार्च

सईद मास्तर,

तुमचं कार्ड मिळालं. पोस्टानं दोन शब्द पोचवायला तीन दिवस घेतले. 'हजेरीपट पाहा.' खाली सहीसुद्धा नाही, पण तुमचं वळणदार बाळबोध मी कुठंही ओळखीन.

पाहायची गरज नव्हती. तो मीच लिहिला आहे.

हुस्नबानोनं हेच विचारलं होतं, ते मी गेल्या पत्रात गिळलं. ती म्हणाली होती, 'माही पोरगी एक दिस घरी राह्यली नाई. थंडीत लिंबाखाली कुडकुडत बसली. मंग तुमच्या कागदात गैरहजर कशी?' शकीलमियाँनी खामगावच्या कचेरीत चौकशी केली, तेव्हा तिला ते कळलं म्हणे. मी म्हटलं, नियम आहे बाई, वर्ग शाळेच्या इमारतीत भरला तरच हजेरी लागते. असा नियम मी कुठं वाचलेला नाही.

खरी गोष्ट अशी. तुम्ही लिंबाखाली बसलात त्या सोमवारी मी पट उघडला आणि तेरा नावांपुढं 'गै' लिहिलं. रागानं लिहिलं. दोन दिवसांत परत येतील, तेव्हा खोडू, असं मनाशी म्हटलं. तुम्ही आला नाहीत. मग रोज लिहू लागलो. शाळेतून लिंब दिसतो हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या टेबलावरून पोरांची डोकी मोजता येत होती. ती बघत बघत मी लिहीत होतो. तो पट बघूनच वरच्यांनी वर्ग रिकामा ठरवला. त्यांनी तुमची जागा काढली ती माझ्या अक्षरावरून. बिस्मिल्लाला परीक्षेला बसता येत नाही तेही त्याच अक्षरावरून, कारण वर्षाची पाऊण हजेरी लागते आणि तिची भरत नाही.

ईदच्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत घरात बसून होतो. दरवर्षी तुमच्याकडून शिरखुर्म्याची वाटी यायची. यंदा आली नाही, म्हणून मला तुमचा राग आला होता. माणूस किती निर्लज्ज असतो बघा.

आता हेही लिहून टाकतो, नाही तर परत धीर व्हायचा नाही. सभेत तो प्रश्न पोरांनी आणला नव्हता. आदल्या दिवशी रामराव पाटील आले होते. ते शाळा कमिटीचे अध्यक्ष, आपली कौलं त्यांनीच बदलून दिली. म्हणाले, 'कापसाची येचनी चालू हाय मास्तर. बाजाराच्या दिशी मोठी मानसं बाजारात जातेत, वावरात कोनी राह्यत नाई. पोट्टे अकरा वाजता मोकये पायजेत.' मी म्हटलं, शुक्रवारची सुट्टी कशी काढू, सईद मास्तरांची पोरं आहेत. तर हसले. 'तुमी कायले काढता? तुमची ते सभा हाय ना? पोट्ट्यायच्या तोंडून येऊ द्या. मंग तुमच्यावर बी नाई अन् माह्यावर बी नाई.'

मला नाही म्हणता आलं नाही. त्यांना नाही म्हणणारा माणूस या गावात मी पाहिलेला नाही, पण मी तर मास्तर होतो. खरं सांगू? मला त्या वेळी हायसं वाटलं. पाटलाला नाही म्हणायला नको आणि तुम्हालाही नाही म्हणायला नको. पोरांच्या हातांमागं लपायला एवढी छान जागा मिळाली.

निवृत्ती


सावळखेड
१३ मार्च

सईद मास्तर,

काल मी सभेत उभा राहिलो. कुणाचं काही चुकलं तर त्यानं स्वतः उभं राहून सांगायचं, हा पोरांनीच केलेला नियम. तो आजवर कधी माझ्यापर्यंत आला नव्हता. कडूबानं नेहमीसारखं विचारलं, 'कोनाले काही सांगाचं हाय का?' आणि मी खुर्चीवरून उठलो. पोरं हसली, त्यांना वाटलं गंमत आहे.

मी सगळं सांगितलं. पाटलांचं नाव घेतलं. हजेरीचं सांगितलं, पट उघडून ती पानं दाखवली. मधेच खोकला आला, पाणी प्यायलो आणि पुन्हा बोललो. शेवटी म्हटलं, तुमचे हात मी वापरले.

दुसऱ्या रांगेतली शालू, ती कासाराची, बोट वर करून उठली. म्हणाली, 'गुरुजी, आमी काय म्हननार हे तुमाले पयलेच माइत व्हतं?' मी म्हटलं, हो. 'मंग आमाले इचारलं काऊन?'

तीस वर्षं शिकवतो आहे. एवढा साधा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी पट मिटून टेबलावर ठेवला.

कडूबानं हात मोजायचा विचार केला नाही. तो म्हणाला, आपण जाऊन त्यांना बोलावू. वीस-बावीस पोरं तशीच उठून मशिदीकडच्या आळीत गेली. मी मागं थांबलो. अर्ध्या तासानं परत आली, तोंडं उतरलेली. तुमची पोरं त्यांना म्हणाली, आमचे मास्तर आले तर येऊ. नाही तर नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो.

शुक्रवारची अर्धी शाळा आम्ही पुन्हा सुरू केली आहे. येत्या शुक्रवारी अकराला शाळा सुटेल आणि नमाजाला जाणारं पोर वर्गात एकही नसेल. पाटलांना कळलं आहे. ते आज सकाळी वाटेत भेटले, रामराम घेतला नाही.

सोबत एक कागद आहे. शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबांना गेल्या सोमवारी जे पत्र पाठवलं त्याची नक्कल. त्यात लिहिलं आहे, की १५ नोव्हेंबरपासून उर्दू वर्ग रोज भरत होता, तो माझ्या चुकीच्या निर्णयामुळं बाहेर भरला आणि मी पटात खोट्या नोंदी केल्या. नोकरीची माझी दोन वर्षं उरली आहेत. अन्नपूर्णेला मी हे पत्र टाकण्याआधी वाचून दाखवलं. म्हटलं, तुझ्याही भाकरीचा प्रश्न आहे, तू सांग. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, 'टाका. पन आता मले इचारता, हे आधीच काऊन नाई सुचलं?' आजकाल सगळ्या बाया मला एकच प्रश्न विचारतात.

डिप्टीसाहेबांचं उत्तर उलट टपाली आलं. बिस्मिल्लाला बसू देतील, पण लिंबाखालच्या वर्गाची तुम्ही ठेवलेली हजेरी लागेल आणि तुम्ही स्वतः येऊन त्यांच्यासमोर सही करायला हवी. ४ एप्रिल, सकाळी आठ. तुम्ही वही ठेवली असणार याबद्दल मला शंका नाही. तुम्ही तर शाळेतल्या चिमण्यांची घरटीसुद्धा मोजून ठेवायचात.

परत या असं म्हणत नाही. ते म्हणायचा हक्क मी घालवला आहे. एक दिवस येऊन सही करा. माझ्याशी बोलू नका हवं तर.

निवृत्ती


सावळखेड
१७ एप्रिल

सईद मास्तर,

निकाल आला. बिस्मिल्ला पास. वाचनात पैकीच्या पैकी, गणितात काठावर. हुस्नबानोनं मशिदीत गूळ वाटला आणि एक खडा माझ्याकडं पाठवला. बिस्मिल्ला स्वतः घेऊन आली होती. 'गुरुजी' म्हणाली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. चुलत्यानं दोन दिवस आदळआपट केली, आता गप्प आहे. जूनमध्ये ती मावशीकडं येईल. तुमच्या दुकानाजवळच तिची आळी आहे असं कळलं, अधूनमधून तिच्यावर लक्ष ठेवा.

तुमची जागा मात्र गेली ती गेली. मी डिप्टीसाहेबांना परीक्षेच्या दिवशीही विचारलं. ते भले माणूस, पण म्हणाले, बंद झालेली जागा पुन्हा उघडायला वर्ष-दोन वर्षं लागतात, तीही पोरं असली तर. उरलेली बारा पोरं आता कुठं जातील, हे त्यांनाही माहीत नाही आणि मलाही नाही. दोघं वखारीवर लागली आहेत.

माझी बदली झाली आहे. घाटावर, मेहकरकडच्या एका लहान शाळेत, दुय्यम म्हणून. सेवापुस्तकात शेरा पडला. खरं तर कमीच झालं. येत्या सोमवारी नवे हेडमास्तर येतील. पहिलं काम म्हणून ते शनिवारची सभा बंद करतील, असं पाटील सगळ्यांना सांगत फिरत आहेत. करतीलही. काल कडूबा सामान बांधायला मदत करत होता, तो म्हणाला, 'बंद केली तं आमी विहिरीवर भरवू.' मला त्याचं कौतुक वाटलं आणि पुढं विहिरीवर त्यांचं काय होईल या विचारानं थकायलाही झालं. पोरं आहेत, विसरतील. एखादं विसरणार नाही.

आता त्या दिवसाचं. तुम्ही पहिल्या मोटारीनं आलात, वही फडक्यात बांधलेली. डिप्टीसाहेबांनी एकेक पान उलटलं. अकरा आठवडे, रोजची तारीख, तेरा नावं, कोण आजारी, कोण उशिरा. माझ्या पटाशेजारी ती वही ठेवली तेव्हा मला दुसरीकडं बघावं लागलं. तुम्ही सही केलीत. बिस्मिल्लाच्या डोक्यावर हात ठेवलात. मी पाणी पुढं केलं, ते घेतलं नाहीत.

मी तुमच्यामागून मोटारीच्या थांब्यापर्यंत आलो. दोघेही उन्हात उभे. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि तुम्ही हातानं थांबवलंत. मग एवढंच बोललात, 'मास्तर, पाटलाचं मले तवाच समजलं व्हतं. पोट्ट्यायचा बी राग नाई. मी रोजा धरून तेथंच दारात उभा व्हतो. हात वर करा म्हन्याच्या पयले तुमी एकडाव माह्याकडं पाहासान, असं वाटलं व्हतं मले.'

मोटार आली. तुम्ही चढलात.

तेरा दिवस मी त्याचं उत्तर शोधतो आहे. माझं लक्ष नव्हतं असं लिहिलं असतं, पण तुमच्याशी आणखी खोटं बोलण्याचं त्राण नाही. तुम्ही दारात आहात हे मला माहीत होतं. तुमची सावली माझ्या टेबलापर्यंत आली होती. मी मुद्दाम फळ्याकडं तोंड केलं आणि पोरांना म्हटलं, हात वर करा.

तुमच्याकडं पाहिलं असतं, तर मला मोजता आलं नसतं.

निवृत्ती